अबूकीरचे सुटे प्लग

जे. आर. डी. टाटांची जनमानसातील प्रतिमा संयमी, काटेकोर उद्योगपतीची आहे. ऐन पंचविशीतील जे. आर. डी. मात्र वेगाने झपाटलेले होते. १९०४ साली पॅरिसमध्ये जन्मलेल्या या मुलाचे बालपणीचे उन्हाळे फ्रान्सच्या किनाऱ्यावर गेले. इंग्लिश खाडी विमानाने प्रथम ओलांडणारे ब्लेरिओ तेथे त्यांचे शेजारी होते. पुढे मुंबईत बुगाटी मोटार बेफाम हाकल्याच्या प्रकरणात त्यांना जॅक विकाजी या वकिलांचे दार ठोठवावे लागले आणि तेथेच वकीलसाहेबांची पुतणी थेल्मा त्यांना भेटली. १९३० साली दोघांचा विवाह झाला. फौजदारी प्रकरणाची अशी फलश्रुती विरळाच!

मोटारीने भागेना, तेव्हा ते विमानाकडे वळले. दिंडोशीच्या टेकड्यांपासून काही किलोमीटरांवर, जुहूच्या खाजणात, १९२८ साली विमानतळ झाला होता. १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डीं.ना मिळालेला वैमानिकाचा परवाना भारतात दिला गेलेला पहिला परवाना होता.

त्याच वर्षी आगाखानांनी इंग्लंड-भारत अंतर एकट्याने पार करणाऱ्या पहिल्या भारतीयास पाचशे पौंडांचे बक्षीस जाहीर केले. स्पर्धक तिघे होते : मनमोहन सिंग, अवघ्या सतरा वर्षांचे अस्पी इंजिनिअर आणि जे. आर. डी. मनमोहन सिंग वाटेत भरकटले आणि पोचले तेव्हा मुदत टळून गेली होती. अस्पी लंडनहून कराचीकडे निघाले होते, तर जे. आर. डी. ३ मे १९३० रोजी कराचीहून लंडनकडे. इजिप्तमधील अबूकीर येथे दोघांची गाठ पडली. स्पार्क प्लगअभावी अस्पींचे विमान अडून पडले होते. जे. आर. डीं.नी आपल्याजवळचे सुटे प्लग त्यांना दिले.

वस्तूचे मोल स्थळकाळावर ठरते, हा अर्थशास्त्रातला पहिला धडा. कराचीच्या बाजारात क्षुल्लक ठरणाऱ्या त्या प्लगांची अबूकीरला किंमत होती साऱ्या शर्यतीइतकी. अस्पी काही तासांच्या फरकाने आधी पोचले आणि बक्षीस त्यांना मिळाले. ते दिले नसते तर जे. आर. डी. जिंकले असते, हे उघड आहे, आणि देताना त्यांनाही ते उमगले नसेल, असे मानण्याचे कारण नाही. अस्पी इंजिनिअर पुढे, १९६० साली, भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले.

हरलेल्या वैमानिकाने मग वेगाला वेळापत्रकात बसवले, आणि ही कामगिरी त्या शर्यतीहून मोठी म्हणावी लागेल. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी त्यांनी पस मॉथ विमानातून कराचीची टपाल अहमदाबादमार्गे जुहूला आणली. सरकारने अनुदान नाकारले होते; वाहिलेल्या टपालाच्या वजनावर मोबदला, एवढाच करार. म्हणजे थैल्या हलक्या निघाल्या, तर तोटा सोसायचा टाटांनी! पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जाई, तेव्हा मुक्काम पुण्याला हलवावा लागे. तरीही पहिल्याच वर्षी साठ हजारांचा नफा झाला आणि विमाने वेळ चुकली नाहीत. अनुदानाविना प्रारंभीचे उद्योग तगत नाहीत, असे म्हणणाऱ्यांनी हा ताळेबंद अवश्य पाहावा. अर्थात, पाठीशी टाटांची पत होती, हेही विसरू नये.

१९५३ साली एअर इंडियाचे राष्ट्रीयीकरण झाले. आपल्याला विश्वासात न घेता हे झाले, याचे शल्य बाळगूनही जे. आर. डी. अध्यक्षपदी राहिले. १९७८ साली जनता सरकारने त्यांना त्या पदावरून दूर केले. पहिल्या टपाल उड्डाणास पन्नास वर्षे झाली, तेव्हा, १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांनी कराचीहून छोटे लेपर्ड मॉथ विमान स्वतः चालवीत आणून जुहूला उतरविले.