कागदाची पट्टी आणि अ‍ॅलन ट्युरिंग

संगणकाची भाषा लहानात लहान किती असू शकेल? १९९३ साली अर्बन म्युलर या स्विस विद्यार्थ्याने अवघ्या आठ चिन्हांची भाषा केली. तिचे नाव चारचौघांत घेण्याजोगे नाही, म्हणून इथे टाळतो. तिच्यात शब्द नाहीत. कप्प्यांची एक रांग असते. पुढच्या कप्प्यावर जा, मागच्यावर ये, आतला आकडा एकाने वाढव, एकाने कमी कर, एक अक्षर आत घे, एक बाहेर दे. उरलेली दोन चिन्हे कप्प्यात शून्य येईपर्यंत तेच काम पुन्हा करायला सांगतात. जागा आणि वेळ पुरेसा असेल, तर मोठ्या संगणकाचा कोणताही हिशेब एवढ्यावर होतो. हे वाचले की मला अ‍ॅलन ट्युरिंग आठवतो.

ट्युरिंगचा जन्म २३ जून १९१२चा, लंडनमधला. वडील मद्रास इलाख्यात आयसीएस अधिकारी. आईवडील हिंदुस्थानात आणि मुले इंग्लंडात परक्यांच्या घरी, असे त्याचे बालपण गेले. पुढे केंब्रिजमध्ये त्याला एका प्रश्नाने झपाटले. गणितातले कोणतेही विधान सिद्ध होईल की नाही, हे हमखास सांगणारी रीत असू शकते का? पण मुळात रीत म्हणजे काय? हिशेब करणाऱ्या माणसाकडे पाहत त्याने अनावश्यक ते सारे वगळले. उरली चौकोन आखलेली लांबलचक पट्टी. एका वेळी एकच चौकोन पाहायचा, खूण लिहायची किंवा पुसायची, एक घर सरकायचे; पुढे काय करायचे ते एका तक्त्यात पाहायचे. अशी हमखास रीत नाही, हे त्याने १९३६ मध्ये दाखवले. अमेरिकेत अलोन्झो चर्च वेगळ्या वाटेने त्याच उत्तराला पोचला होता. पण आजचा संगणक समजून घ्यायला आपण ट्युरिंगच्या पट्टीकडेच जातो.

महायुद्धात ब्लेचली पार्क येथे जर्मनांच्या एनिग्मा यंत्राचे गुप्त संदेश उकलण्यात त्याचा मोठा वाटा होता. तरीही १९५२ मध्ये समलिंगी संबंधांबद्दल त्याला दोषी ठरवले गेले. तुरुंग टाळण्यासाठी त्याने संप्रेरकांचे उपचार पत्करले. ७ जून १९५४ रोजी सायनाइडने त्याचा मृत्यू झाला; चौकशीत आत्महत्या असा निर्णय झाला. वय ४१.

राणीची माफी २०१३ मध्ये आली, पन्नास पौंडांच्या नोटेवर चित्र २०२१ मध्ये. आपल्याकडेही इंग्रजांनीच आणलेल्या अशा कायद्यातून प्रौढांचे संमतीचे संबंध २०१८ मध्ये वगळले गेले. एवढ्याशा पट्टीवर सारे गणित मावते, हे ज्याने दाखवले, त्याला आपल्या घरात निवांत जगू देण्याइतकी जागा त्याच्या देशाकडे नव्हती, याची मला खंत वाटते.