फाळके कुटुंबाने मिळून फेडलेले कर्ज



दादासाहेब फाळके हे नाव आपण वर्तमानपत्रात अनेकदा वाचतो. चित्रपटसृष्टीतील सर्वांत मोठा सरकारी पुरस्कार १९६९ सालापासून त्यांच्या नावाने दिला जातो. भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून ते सर्वांना ठाऊक आहेत. परंतु हा पहिला चित्रपट एकट्या दादासाहेबांनी केला नव्हता. तो एका तरुण कुटुंबाने, डोक्यावर कर्ज घेऊन, घरातल्या घरात तयार केला आणि ते कर्ज कुटुंबाने मिळूनच फेडले. या गोष्टीत पुढे आपले इंदूरही येते, म्हणून ती आपण जरा सविस्तर पाहू.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील संस्कृतचे शास्त्री होते. मुलाचा ओढा मात्र चित्रकलेकडे होता. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत आणि नंतर बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी चित्रकला, फोटोग्राफी आणि छपाईचे तंत्र शिकून घेतले. गोध्रा येथे त्यांनी फोटोग्राफीचा व्यवसाय सुरू केला, पण प्लेगच्या साथीत त्यांची पहिली पत्नी आणि मूल दगावले. १९०२ साली त्यांचा दुसरा विवाह झाला. करंदीकरांची गिरिजा फाळक्यांच्या घरी येऊन सरस्वतीबाई झाली.

त्यानंतर फाळके पुरातत्त्व खात्यात नोकरीला होते. वंगभंगाच्या चळवळीचे वारे देशात वाहू लागले तेव्हा त्यांनी ती सरकारी नोकरी सोडली आणि लोणावळ्याला स्वतःचा छापखाना काढला. पुढे तो मुंबईत दादरला आला. रंगीत छपाईत त्यांचा चांगला नावलौकिक झाला. परंतु भागीदारांशी पटेना, तेव्हा ते छापखान्यातून बाहेर पडले. वय चाळिशीचे, घरात तरुण पत्नी, लहान मुले, आणि उत्पन्न काही नाही, अशी त्या वेळी परिस्थिती होती.

अशातच १९११ सालच्या ईस्टरच्या सुमारास फाळके मुलाला घेऊन गिरगावात तंबूतला सिनेमा पाहायला गेले. नंतर सरस्वतीबाईंनाही घेऊन गेले. पडद्यावर येशू ख्रिस्ताचे चरित्र चालले होते. ते पाहताना आपल्या राम-कृष्णांच्या कथा अशाच पडद्यावर का येऊ नयेत, हा विचार फाळक्यांच्या मनाने घेतला. मग रोज सिनेमा पाहणे, पुस्तके वाचणे आणि छोट्या कॅमेऱ्यावर रात्र-रात्र प्रयोग करणे सुरू झाले. झोप नाही, विश्रांती नाही. शेवटी डोळ्यांवर परिणाम होऊन त्यांना दिसेनासे झाले. डॉक्टरांच्या उपचारांनी दृष्टी परत आली, पण नातेवाइकांना वाटू लागले की या माणसाला वेड लागले आहे. घरातले सामान एकेक करून विकले जात होते.

इंग्लंडला जाऊन ही कला शिकायची आणि यंत्रे आणायची, तर पैसा हवा. फाळक्यांनी आपली विम्याची पॉलिसी गहाण ठेवून सुमारे १०,००० रुपये उभे केले. ही रक्कम आज लहान वाटेल. पण त्यांच्या चित्रपटात तारामतीचे काम करणारे अण्णा साळुंके त्याआधी एका उपाहारगृहात स्वयंपाकी होते आणि त्यांचा पगार महिना १० रुपये होता. म्हणजे त्या पगाराने १०,००० रुपये मिळवायला १,००० महिने, सुमारे ८३ वर्षे लागली असती! शिवाय ज्या विम्याने कुटुंबाला आधार द्यायचा, तोच गहाण पडला होता. फाळक्यांचे काही बरेवाईट झाले असते तर सरस्वतीबाई आणि मुले उघड्यावर आली असती. हे पूर्ण माहीत असूनही त्या माउलीने पतीला अडवले नाही.

फेब्रुवारी १९१२ मध्ये फाळके लंडनला गेले आणि दोन महिन्यांत विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन परत आले. कच्ची फिल्म आणि तिला छिद्रे पाडण्याचे यंत्रही त्यांनी मागवले होते. दादरचे राहते घर हाच स्टुडिओ झाला. परंतु चित्रपटासाठी पैसे अजून हवे होते. सावकाराला खात्री पटावी म्हणून फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभर कॅमेऱ्याने त्याची छायाचित्रे घेतली. पडद्यावर ते बी क्षणात अंकुरले आणि बघता बघता त्याचा वेल झाला. ते पाहून कर्ज मिळाले. पण कर्जाला तारण लागते. सरस्वतीबाईंनी आपले दागिने काढून दिले. राजवाड्याजवळच्या सराफ्यात दिवसा आपण जाता-येता सोन्याचांदीची दुकाने पाहतो. त्या काळच्या स्त्रीचे अंगावरचे सोने म्हणजे तिची एकुलती एक शिल्लक असे, हे लक्षात घेतले म्हणजे त्या त्यागाचे मोल कळते.

दागिने देऊन सरस्वतीबाई स्वस्थ बसल्या नाहीत. त्या काळी परदेशातून येणाऱ्या कच्च्या फिल्मच्या कडांना छिद्रे नसत. छिद्रांशिवाय फिल्म कॅमेऱ्यात सरकत नाही, आणि उजेड लागला की ती खराब होते. म्हणून हे काम अंधारात, केवळ हाताच्या अंदाजाने करावे लागे. सरस्वतीबाई दिवसभर घरकाम उरकून रात्री हे काम करीत. गणिताची आवड असलेल्यांनी हिशेब करून पाहावा. फिल्मच्या एका फुटात १६ चित्रे असतात आणि प्रत्येक चित्राला दोन्ही कडा मिळून ८ छिद्रे. पहिला चित्रपट ३,७०० फुटांचा होता. म्हणजे तेवढ्या लांबीलाच ४,७३,६०० छिद्रे झाली! यंत्राने एका वेळी काही छिद्रे पडत, तरी प्रत्येक फूट त्यांच्या हाताखालून गेला. फिल्म धुण्याची रसायने मिसळणे, चित्रीकरणाच्या वेळी उन्हात पांढरी चादर धरून उभे राहणे, शिवाय साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक हेही त्याच पाहत. तारामतीच्या भूमिकेसाठी बाईमाणूस मिळेना तेव्हा फाळक्यांनी त्यांनाच विचारले होते, पण बाकीची कामे कोण करील, म्हणून त्यांनी नकार दिला, असे सांगतात. मोठा मुलगा भालचंद्र याने रोहिदासाची भूमिका केली. असे अख्खे घर कामाला लागले होते.

जवळजवळ सात महिन्यांच्या खटपटीनंतर चित्रपट पुरा झाला. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात राजा हरिश्चंद्र लोकांपुढे आला आणि लोकांनी तो डोक्यावर घेतला. भारतात तयार झालेला पहिला पूर्ण लांबीचा कथाचित्रपट म्हणून आज तो ओळखला जातो. हरिश्चंद्राच्या कथेत राजा, राणी आणि राजपुत्र तिघेही दिलेल्या शब्दाचे ऋण फेडण्यासाठी कष्ट उपसतात. पडद्यामागे फाळक्यांच्या घरी तेच चालले होते. त्याच वर्षी कुटुंब नाशिकला गेले. पाठोपाठ मोहिनी भस्मासुर आणि सत्यवान सावित्री हे चित्रपट आले, आणि या तीन चित्रपटांच्या कमाईतून कर्ज फिटले.

येथे गोष्ट संपली असती तर ती सोपी होती. पण १९१४ साली आणखी यंत्रे आणण्यासाठी फाळके आपले चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले. तेथे त्यांच्या कामाचे कौतुक झाले आणि मोठ्या पगारावर तेथेच राहण्याचे बोलावणेही आले. आपला धंदा आपल्या देशात उभा करायचा म्हणून त्यांनी ते नाकारले. इतक्यात पहिले महायुद्ध सुरू झाले. भांडवल देणाऱ्यांनी हात आखडता घेतला. यंत्रांचे पैसे द्यायचे, कामगारांचे पगार द्यायचे, आणि हातात काही नाही. घर पुन्हा कर्जात बुडाले. सरस्वतीबाईंनी पुन्हा दागिने पुढे केले.

मग फाळक्यांनी आपले चित्रपट आणि प्रोजेक्टर बरोबर घेऊन संस्थानांचा दौरा केला. औंध, सांगली, मिरज, जमखिंडी अशा ठिकाणी खेळ केले. औंधच्या राजांनी १,००० रुपयांची देणगी दिली. या दौऱ्यात फाळके इंदूरलाही आले. होळकरांच्या गादीवर तेव्हा तिसरे तुकोजीराव महाराज होते. इंदूर दरबाराने खेळांबद्दल १,५०० रुपये दिले आणि ५,००० रुपये कर्जाऊ दिले. राजवाड्यासमोरून जाताना आपल्याला मल्हारराव आणि अहिल्यादेवी आठवतात, तशी ही गोष्टही आठवावी. खेळांचे पैसे ही कलेची किंमत होती. कर्ज हा विश्वास होता. आधीच कर्जात असलेल्या माणसाला, त्याचे काम पाहून, हा परत करील असे मानून पैसे देणे ही साधी गोष्ट नव्हे.

१९१७ साली लंकादहन आला. त्यात साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या होत्या. लोकांनी अशी गर्दी केली की तिकिटांच्या नाण्यांच्या थैल्या बैलगाडीतून न्याव्या लागल्या, असे सांगतात. या चित्रपटाच्या कमाईतून कुटुंबाच्या डोक्यावरचे कर्ज दुसऱ्यांदा उतरले. १९१९ सालच्या कालियामर्दन चित्रपटात त्यांची चिमुकली मुलगी मंदाकिनी बाळकृष्ण झाली. तिचे ते काम आजही पाहायला मिळते.

पुढचे दिवस मात्र फारसे सुखाचे गेले नाहीत. १९१८ साली भागीदारांबरोबर कंपनी निघाली, नाव झाले, पण मतभेदही झाले. फाळके काही काळ सारे सोडून काशीला जाऊन राहिले, नंतर परत आले. बोलपट आल्यावर मूकपटांचा जमाना संपला. १९३७ सालचा गंगावतरण हा त्यांचा शेवटचा चित्रपट ठरला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. इतके चित्रपट करूनही त्यांनी मागे संपत्ती ठेवली नाही.

मित्रांनो, कर्ज काढणे चांगले की वाईट, हे या चरित्रावरून ठरवता येणार नाही. विमा आणि दागिने गहाण टाकून सगळ्यांनाच यश येते असे नाही. फाळक्यांनाही दोनदा घर पणाला लावावे लागले. पण त्यांच्या घरात कर्ज ही एकट्या वडिलांची काळजी नव्हती. आईला ते माहीत होते, मुलांना आपापल्या परीने त्यात हात लावता येत होता. आपल्या घरीही घरासाठी, शिक्षणासाठी किंवा आजारपणासाठी कर्ज असू शकते. आई-वडील ते आपल्यापासून लपवीत असतील. घरातला एखादा खर्च कमी करणे, धाकट्या भावंडाचा अभ्यास घेणे, दुकानात तासभर बसणे ही कामे रोहिदासाच्या भूमिकेएवढी मोठी नसली, तरी घराला तीही लागतात. या सुट्टीत आई-बाबांजवळ बसून, आपण काय करू शकतो, एवढे जरूर विचारा.