मक्याच्या दाण्यातील सत्य

बार्बरा मॅक्लिंटॉक यांचा जन्म १९०२ साली अमेरिकेतील हार्टफर्ड येथे झाला. कॉर्नेल विद्यापीठात मक्याच्या गुणसूत्रांचा अभ्यास करून त्यांनी १९२७ साली डॉक्टरेट मिळविली. पुढे कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे मक्याच्या फिकट दाण्यांवरील रंगीत ठिपक्यांचा अर्थ त्यांना उमगला. एक फिरता घटक रंगाच्या जनुकात शिरला की ते निद्रिस्त होते. एखाद्या पेशीतून तो निघाला की तेथे पुन्हा रंग उमटतो. १९५१ साली त्यांनी हे विद्वत्सभेत मांडले. फार थोड्यांना पटले. मक्याची साथ मात्र त्यांनी सोडली नाही. कालांतराने जीवाणूंतही असे घटक सापडले आणि १९८३ साली, वयाच्या ८१ व्या वर्षी, त्यांना वैद्यकाचे नोबेल पारितोषिक लाभले. अशाच घटकामुळे माणसाला हिमोफिलिया होऊ शकतो, हे १९८८ साली दिसून आले. १९९२ साली त्या निवर्तल्या. एकाकी निष्ठेचे असे फळ विरळाच.