विश्लेषण : मालवणच्या भांडारकरांनी मुलांना कोणता देव दिला?

डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचा जन्म ६ जुलै १८३७ रोजी मालवणात झाला. वडील महसूल खात्यात कारकून. त्यांची रत्नागिरीला बदली झाली आणि मुलाला इंग्रजी शिक्षण मिळाले. पुढे भांडारकर १८६७ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या प्रार्थना समाजात आले. मूर्तिपूजा सुटली, एका ईश्वराची भक्ती आणि तुकोबांचे अभंग राहिले. ही श्रद्धा कसाला लागली ती स्वतःच्याच घरात. मुलगी विधवा झाली. १८९१ मध्ये भांडारकरांनी सनातन्यांचा रोष पत्करून तिचा पुनर्विवाह लावला. देवापुढे सगळे सारखे, हे घरातल्या मुलांना वेगळे शिकवावे लागले नाही. वडिलांनी ते करून दाखवले होते. १९२५ मध्ये त्यांचे निधन झाले.