मुरबाडचे नाना शंकरशेट आणि मुंबईची राणीची बाग

शहापूर व मुरबाड तालुक्यांतील मंडळी लेकरांना घेऊन मुंबईस गेली म्हणजे बहुधा भायखळ्याची राणीची बाग पाहून येतात. मुले जनावरे पाहून हरखतात, वडील माणसे मोठ्या झाडांच्या सावलीत शिदोरी सोडतात, आणि सायंकाळच्या गाडीने सर्व घरी परततात. परंतु ही बाग उभारणाऱ्यांत जे पुढारी होते, त्यांतील एकाचे मूळ आपल्याच मुरबाडात आहे, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. सबब त्या गृहस्थांचे, म्हणजे जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट यांचे, अल्पचरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

नानांचा जन्म १८०३ साली दैवज्ञ सोनार ज्ञातीच्या मुरकुटे घराण्यात झाला. वडील शंकरशेट हे मुंबईत व्यापारात नावारूपास आले होते. १८२२ साली ते निवर्तले, तेव्हा सर्व पेढी व मालमत्ता एकोणीस वर्षांच्या नानांच्या हाती आली. ह्या वयात आयता पैसा हाती पडला म्हणजे किती घरे धुळीस मिळतात हे आपण पाहतोच. नानांचे तसे झाले नाही. त्यांच्या सचोटीचा लौकिक एवढा वाढला की, अरब व अफगाण व्यापारी आपली धनदौलत बँकेत न ठेविता त्यांच्या हवाली करीत.

ह्या धनाचा त्यांनी काय उपयोग केला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. शाळा काढण्याच्या कामी ते तरुणपणापासूनच झटले. मुलींनी शिकणे हे पुष्कळांस पाप वाटे, अशा काळी १८४९ साली त्यांनी गिरगावातील आपल्या वाड्यात मुलींच्या शाळेस जागा दिली. १८४५ साली आगगाडीची खटपट सुरू झाली, तीतही ते अग्रभागी होते. १६ एप्रिल १८५३ रोजी पहिली गाडी बोरीबंदराहून ठाण्यास आली. पुढे हा मार्ग १८५४ साली कल्याणास, १८५५ साली वाशिंदास व १८६१ साली कसाऱ्यास पोहोचला. शहापूर तालुक्यास ह्या मार्गाचा लाभ घडला. नानांच्या मुरबाडकरांस मात्र गाडी धरण्यास आजही कल्याण गाठावे लागते.

आता बागेकडे वळू. पश्चिम हिंदुस्थानात शेती व बागाईत सुधारावी ह्या हेतूने १८३० साली मुंबईत एक मंडळी स्थापन झाली होती. तिची बाग शिवडीस होती, आणि निरनिराळ्या देशांची झाडे येथील मातीत कशी रुजतात ह्याचे प्रयोग तेथे होत. ह्या मंडळीस नानांनी द्रव्यसाहाय्य केले. त्या काळी माझगाव व परळ येथे धनिकांचे बंगले असत व प्रत्येकाची स्वतःची बाग असे. पण दाट वस्तीत राहणाऱ्या गरिबाने मोकळ्या हवेस जावे कोठे? १८६१ साली भायखळ्यास नवीन बागेचे काम सुरू झाले, आणि १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या पत्नीच्या हस्ते ती लोकांसाठी खुली झाली. आरंभी ती सुमारे ३३ एकरांची होती. त्याच दिवशी बागेतील वस्तुसंग्रहालयाची कोनशिला बसविण्यात आली. ह्या संग्रहालयाकरिता वर्गणी गोळा करण्यात नाना, डॉक्टर भाऊ दाजी लाड व जॉर्ज बर्डवुड हे प्रमुख होते. डेव्हिड ससून यांनी घड्याळाचा मनोरा दिला. अशा रीतीने हिंदु, यहुदी, पारशी व इंग्रज अशा अनेकांचे हात एका कामास लागले.

ते दिवस मुंबईच्या भरभराटीचे होते. अमेरिकेत यादवी युद्ध चालले असल्याने येथील कापसास सोन्याचे मोल आले होते. परंतु १८६५ साली ते युद्ध संपले, भाव कोसळले आणि अनेक पेढ्या बुडाल्या. त्याच वर्षी ३१ जुलै रोजी नानांनी देह ठेविला. संग्रहालय अपुरे राहिले. पैशाअभावी थांबलेले ते काम सरकारने पुरे केले, आणि २ मे १८७२ रोजी संग्रहालय उघडले. ते पाहण्यास नाना राहिले नव्हते. १८७३ साली बाग मुंबई म्युनिसिपालिटीकडे आली. पुढे प्राणिसंग्रह वाढला, आणि १८९० साली आणखी १५ एकर जागा बागेस जोडण्यात आली.

ह्या बागेस पूर्वी व्हिक्टोरिया राणीचे नाव होते. आज वीरमाता जिजाबाईंचे आहे. संग्रहालयास १९७५ सालापासून डॉक्टर भाऊ दाजींचे नाव आहे. दोहोंपैकी एकासही नानांचे नाव नाही. तरी तेथील गोरखचिंचेच्या अजस्र बुंध्याशी थकलेला हमाल टेकतो, तेव्हा त्याचा विसावा काही कमी होत नाही.

आपल्या दोन्ही तालुक्यांतून शेकडो तरुण पोटासाठी मुंबईस जातात, आणि त्यांतील काहींस बरे दिवसही येतात. बरे दिवस आले म्हणजे प्रथम घरास नवे छप्पर व दारास रंग चढतो. त्यात गैर काही नाही. परंतु गावच्या विहिरीची बांधणी, शाळेपुढचे झाड, पाड्यावरचा पाणवठा ह्यांस कोणी वाली उरत नाही, आणि ह्याची उणीव दर उन्हाळ्यात भासते. नानांएवढे धन आपल्यांत कोणापाशी नसेल. पण दहा घरांनी मिळून शाळेच्या आवारात चार आंबे लावावे, दोन उन्हाळे त्यांस पाळीपाळीने पाणी घालावे आणि गुरांपासून त्यांस जपावे, एवढ्यास पेढी लागत नाही. येत्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक गावाने खड्डे खणून ठेवावे, अशी आमची विनंती आहे.