खंडोबाचा किडा आणि सेरिन्याँचा मास्तर

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस माझ्या नातीनं गॅलरीतल्या जास्वंदीवरून दोन किडे धरून आणले. हिरवे, पुढचे दोन पाय जोडून देवापुढे बसावं तसे बसलेले. आम्ही त्याला खंडोबाचा किडा म्हणायचो. तिच्या पुस्तकात तो प्रार्थना कीटक आहे. एक मादी, चांगली जाडजूड. दुसरा काडीसारखा नर. नातीला त्यांची पिल्लं हवी होती. खाली परात, परातीत माती, एक फांदी आणि वरून स्वयंपाकघरातलं जाळीचं झाकण, असा संसार तिनं थाटून दिला. पण नर काही पुढे सरकेना. दोन दिवस तो जाळीच्या वरच्या कोपऱ्याला चिकटून मादीकडे नुसता बघत राहिला. तिसऱ्या दिवशी नातीनं त्याला काडीनं ढकलायला सुरुवात केली, तेव्हा मी तिचा हात धरला आणि एका फ्रेंच मास्तरांची गोष्ट सांगायला बसले. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी त्यांनी अशाच जाळीच्या झाकणाखाली हाच संसार मांडला होता.

ज्याँ आँरी फाब्र यांचा जन्म १८२३ च्या डिसेंबरातला, दक्षिण फ्रान्समधल्या सँ-लेआँ या खेड्यातला. घरची गरिबी. वडिलांनी एका गावातून दुसऱ्या गावात जाऊन कॉफीची दुकानं काढली. कुठंच जम बसला नाही. कोवळ्या वयात फाब्रनी जत्रेत लिंबं विकली, रेल्वेमार्गाच्या कामावर मजुरी केली. मग शिष्यवृत्तीची परीक्षा देऊन ते आव्हिन्याँच्या अध्यापक विद्यालयात शिरले आणि विशीच्या आतच प्राथमिक शाळेत मास्तर झाले. गणित, पदार्थविज्ञान, रसायन, सारं स्वतःचं स्वतः शिकले. पुढे कॉर्सिका बेटावर शिकवत असताना मोकँ-ताँदाँ नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानं त्यांच्यासमोर पाण्याच्या भांड्यात गोगलगाय उघडून तिची आतली रचना दाखवली, आणि गणिताच्या या मास्तरांची वाट बदलली.

आव्हिन्याँच्या शाळेत त्यांनी जवळजवळ वीस वर्षं काढली. पगार तुटपुंजा, पोरंबाळं वाढती. त्या काळी विद्यापीठात प्राध्यापक व्हायचं तर घरचं उत्पन्न हवं. म्हणून मंजिष्ठाच्या मुळांपासून शुद्ध लाल रंग काढायच्या खटपटीत त्यांनी कित्येक वर्षं घातली. पद्धत हाती आली आणि तेवढ्यात, १८६८-६९ च्या सुमारास, जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी तोच रंग डांबरातून बनवला. मंजिष्ठाची शेती बसली. फाब्र यांचं स्वप्नही बसलं.

दुसरा घाव त्याहून लागणारा होता. शिक्षणमंत्री द्युरुई यांच्या प्रोत्साहनानं ते गावात संध्याकाळी मोफत वर्ग घेत. तिथं त्यांनी मुलींना फुलांमध्ये परागीकरण कसं होतं ते शिकवलं. एवढ्यावरून गावातली सनातनी मंडळी आणि धर्मगुरू खवळले. भाड्याच्या घराच्या मालकिणींनी बिऱ्हाड हलवायला सांगितलं. नोकरी गेल्यात जमा, पदरी पाच मुलं. तेव्हा त्यांनी तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल यांच्याकडे शब्द टाकला. मिल आव्हिन्याँला राहत आणि दोघं मिळून रानोमाळ वनस्पती गोळा करत. मिलनी तीन हजार फ्रँक दिले. मी बत्तीस वर्षं बँकेत कर्जाचे अर्ज वाचले आहेत. तारण शून्य, उत्पन्न शून्य, अर्जदार बेघर होण्याच्या बेतात. हा अर्ज माझ्या टेबलावर आला असता तर मी तो नामंजूर केला असता, हे कबूल करायला हवं. फाब्रनी ते पैसे परत फेडले.

नंतरची वर्षं ओराँज गावात शाळेची पुस्तकं लिहिण्यात गेली. एकामागून एक पुस्तक, नुसतं पोटासाठी. १८७७ मध्ये त्यांचा सोबती म्हणावा असा मुलगा, ज्यूल, ऐन सोळाव्या वर्षी गेला. बापानं काही गांधीलमाश्यांना त्याचं नाव दिलं. आणि १८७९ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, सेरिन्याँ गावाबाहेर त्यांनी एक घर आणि दगडगोट्यांची माळजमीन घेतली. ज्या जमिनीत काही पिकत नाही तिला तिकडे ‘आर्मास’ म्हणतात. कुणी हाकलणार नाही अशी किड्यांनी भरलेली जागा, एवढंच त्यांनी चाळीस वर्षं मागितलं होतं. पुढची छत्तीस वर्षं ते तिथंच राहिले. कीटकांच्या आठवणींचे त्यांचे दहा खंड १८७९ ते १९०७ या काळात आले.

त्यांतल्या १८९७ च्या पाचव्या खंडात आपला प्रार्थना कीटक आहे. वाळूची परात, थाईमचं वाळकं झुडूप, अंडी घालायला एक दगड आणि वर जाळीचं झाकण. खाद्यासाठी गावातली पोरं नाकतोडे धरून आणत. मोबदला म्हणून पावाचा आणि खरबुजाचा तुकडा. ऑगस्टच्या अखेरीस त्यांनी जोड्या वेगवेगळ्या ठेवल्या. नर तिथंही असाच रेंगाळे. मान वाकवून, छाती काढून मादीकडे बराच वेळ टक लावून बघे. मग पंख थरथरवून एकदाचा झेप घेई. मीलन पाच-सहा तास चाले, आणि त्यानंतर बहुधा मादी त्याला मानेपासून खायला लागे. एका मादीनं दोन आठवड्यांत सात नर संपवले. एका नराचं डोकं खाऊन झालं होतं, तरी त्याचं उरलेलं शरीर आपलं काम करत राहिलं.

ही गोष्ट जगभर गेली. आमच्या बँकेतही जेवणाच्या सुट्टीत ती ऐकली आहे. सांगणारे पुरुष सहकारी. हसत हसत सांगायचे, आणि रोख जरा आवाज चढवून बोलणाऱ्या बायकांकडे. सात नवरे सगळ्यांच्या लक्षात राहिले, झाकण मात्र कुणाच्याच नाही. फाब्र यांच्याही पूर्ण लक्षात आलं नाही. खायला भरपूर आहे, जागा आहे, तेव्हा इथं जे घडतं ते बाहेरही घडत असणार, असं त्यांनी धरून चाललं. डार्विननी ज्यांच्या निरीक्षणशक्तीची वाहवा केली, त्या माणसाचंही इथं चुकलं. त्यांना उत्क्रांतिवादही कधी पटला नाही.

१९८० च्या दशकात संशोधकांनी पोटभर खाऊ घातलेल्या जोड्या, माणसाचा वावर टाळून, कॅमेऱ्यानं टिपल्या. मादीनं नराला खाल्लं नाही. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसलं की मादी भुकेली असेल तर नर अधिक सावकाश आणि अधिक लांबून येतो. म्हणजे अडून बसलेला नर भित्रा नसतो. तो समोरचीच्या पोटाचा अंदाज घेत असतो. आणि ती खाते तेव्हाही ते वाया जात नाही: २०१६ च्या अभ्यासानुसार खाल्लेल्या नराचं पोषण तिच्या अंड्यांत उतरतं.

नातीला मी एवढंच सांगितलं, की त्याला ढकलू नकोस, तिला जेवू घाल. झाकण काढून मोठी मच्छरदाणी बांधली, आत पानांच्या फांद्या ठेवल्या. सोसायटीतली पोरं एका नाकतोड्यामागे एक लिमलेटची गोळी या दरानं कामाला लागली. चौथ्या रात्री नर निघाला. पाऊल टाके, थांबे. वारा आला की पानासारखा डुले. मादी नाकतोडा खाण्यात गुंतली होती. त्यानं झेप घेतली. नात खुर्चीवरच झोपी गेली. पहाटे मी बघितलं तर तो पुन्हा वरच्या कोपऱ्यात, धडधाकट. आम्ही त्याला जास्वंदीवर सोडून दिलं.

फाब्र ११ ऑक्टोबर १९१५ रोजी, एक्क्याण्णवाव्या वर्षी, त्याच घरात वारले. त्याआधी दोन वर्षं राष्ट्राध्यक्ष पोआंकारे त्यांना भेटायला तिथं आले होते. आज त्या घराचं संग्रहालय झालं आहे. सन्मान फार उशिरा आले, पण तोवर या म्हाताऱ्याचं काम बहुतेक झालेलं होतं.

काही दिवसांनी आमच्या मच्छरदाणीतल्या फांदीवर फेसाची गाठ दिसली. दुपारपर्यंत ती वाळून बदामी झाली. नातीनं ती मोजपट्टीनं मोजली, वहीत तारीख घातली आणि खुर्ची तिच्यासमोर ओढून बसली. किती दिवस लागतील, असं तिनं विचारलं नाही.