पंपामागचा माणूस : रॉबर्ट बॉश



मागच्या दिवाळीत मामाची जुनी डिझेल जीप नळदुर्गजवळ बंद पडली. सकाळी गार असताना लगेच सुरू व्हायची, पण तापल्यावर बंद केली की परत सुरूच होईना. मामाचं घर त्या जीपवर चालतं. मिस्त्रींनी पंप खोलला, तर प्लंजर झिजलेला! तापलेलं डिझेल पातळ होतं, झिजलेल्या फटीतून मागे पळतं आणि नोझलला प्रेशर मिळत नाही. दुसरा पंप बसवून, टायमिंगची खूण जुळवून, लाइनमधली एअर काढेपर्यंत अर्धा दिवस गेला. याच पंपाची आकृती काढून मी परीक्षेत मार्क मिळवले होते, पण पंप हातात पहिल्यांदाच धरला. लाज वाटली. मग हा पंप आणला कोणी, ते वाचून काढलं.

रॉबर्ट बॉश यांचा जन्म 1861 चा. जर्मनीत उल्म शहराजवळचं अल्बेक गाव, शेतकऱ्याचं घर, बारा भावंडांत अकरावा नंबर. उल्ममध्ये ते मेकॅनिकचं काम शिकले, अमेरिकेत एडिसनच्या कारखान्यातही राबले. 1886 साली स्टुटगार्टला छोटं वर्कशॉप काढलं. सोबत एक कारागीर आणि एक पोऱ्या. सुरुवातीची वर्षं ओढाताणीची गेली. पुढे इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोने नाव झालं. 1906 साली त्यांनी कामगारांना आठ तासांचा दिवस दिला.

डिझेल पंपाचं काम त्यांनी साठी ओलांडल्यावर घेतलं. तेव्हाची बरीच डिझेल इंजिनं इंधन फवारायला कॉम्प्रेसरची हवा वापरत. ते धूड ट्रकवर कसं बसणार? 1922 मध्ये त्यांच्या इंजिनियरांनी सुरुवात केली आणि 1927 मध्ये पंप कारखान्यातून बाहेर पडू लागले. प्लंजर आणि बॅरलमधली फट फक्त काही मायक्रॉनची!

1942 मध्ये ते वारले. हिटलरच्या विरोधकांना त्यांनी मदत केली. पण त्याच युद्धात त्यांच्या कंपनीत सक्तीचे मजूर राबवले गेले, हेही लिहायलाच हवं.

1951 मध्ये बंगळूरला मायको कंपनी निघाली, नंतर नाशिकलाही कारखाना आला. बॉश यांचं काम असं आपल्या गावच्या मिस्त्रींपर्यंत पोचलं.

मामाची जीप आता पुन्हा तुळजापूर रोडला धावते. आणि मी वर्कशॉपच्या प्रॅक्टिकलला दांडी मारणं बंद केलंय.